महाजालाचा चौक मुंबईत, वाट मात्र सातपुड्यात

इंटरनेट एक्स्चेंज म्हणजे नेमके काय, देशात त्यांचा विस्तार कसा झाला, त्यांच्या सेवांत कोणते बदल झाले आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्याला त्यांचा लाभ कोठवर पोहोचतो, याचा हा आढावा.

शहादा तालुक्यातील टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशाच्या नकाशावर ठळकपणे आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक याच गावातील आदिवासी रहिवाशांना देण्यात आले. त्यानंतरच्या काळात रेशनचे धान्य, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती आणि बँकेतील व्यवहार एकामागून एक या क्रमांकाशी जोडले गेले. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवला की ओळख पटविण्याची विनंती गावाबाहेर निघते आणि अखेरीस प्राधिकरणाच्या विदा केंद्रांपर्यंत जाते. ही केंद्रे बंगळुरू आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. उत्तर काही क्षणांत परत आले तर धान्य मिळते. न आल्यास रांग थांबते. अंगठा आणि धान्य यांच्यामधील हा प्रवास कोणत्या वाटेने होतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ अभियंत्यांचा राहत नाही.

या वाटेवर काही महत्त्वाचे चौक आहेत. त्यांनाच इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात.

मिरचीचा बाजार आणि माहितीचा बाजार

इंटरनेट हे एकसंध जाळे नाही. दूरसंचार कंपन्या, केबलचालक, विद्यापीठे, बँका आणि आशय पुरवणाऱ्या कंपन्या यांची हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडून ते तयार झाले आहे. एका जाळ्यावरील ग्राहकाला दुसऱ्या जाळ्यावरील संकेतस्थळ पाहायचे असेल, तर ती दोन जाळी कोठेतरी भेटली पाहिजेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी स्वतंत्र तार जोडायची ठरवल्यास खर्च आवाक्याबाहेर जातो. पन्नास जाळ्यांना परस्परांशी थेट जोडण्यासाठी १,२२५ जोडण्या लागतील. सर्वांनी एकाच ठिकाणी येऊन एका सामाईक स्विचला जोडून घेतले, तर पन्नास जोडण्या पुरतात.

नंदुरबारच्या मिरची बाजाराचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. शेतकरी आणि व्यापारी एका आवारात जमतात, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला प्रत्येक व्यापाऱ्याचे दुकान शोधत फिरावे लागत नाही. हे आवार नसते आणि शहाद्याची मिरची नंदुरबारच्या व्यापाऱ्याला विकण्यासाठी आधी गुंटूरला न्यावी लागली असती, तर वाहतुकीचा खर्च कोणाच्या माथी बसला असता, हे सांगायला नको. भारतातील इंटरनेटची अवस्था सुरुवातीच्या काही वर्षांत नेमकी अशीच होती.

एक्स्चेंज चालविणारी संस्था स्वतः ग्राहकाला इंटरनेट विकत नाही. ती जागा, वीज, स्विच आणि नियम पुरवते. सभासद जाळी तेथे आपापले राउटर जोडतात, आपल्याकडे कोणते पत्ते आहेत हे ‘बीजीपी’ या नियमावलीद्वारे एकमेकांना कळवतात आणि परस्परांची वाहतूक थेट स्वीकारतात. या देवाणघेवाणीला ‘पिअरिंग’ म्हणतात. याउलट, उर्वरित जगापर्यंत पोहोचविण्यासाठी मोठ्या कंपनीला पैसे मोजून घेतलेल्या सेवेला ‘ट्रान्झिट’ म्हणतात. पिअरिंग जितके वाढेल, तितके ट्रान्झिटचे बिल कमी होते.

अमेरिकेला वळसा

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले आणि पाहता पाहता अनेक सेवा पुरवठादार उभे राहिले. मात्र त्यांना देशांतर्गत जोडणारा सामाईक चौक नव्हता. प्रत्येक जण आपापली आंतरराष्ट्रीय जोडणी घेऊन बसलेला होता. परिणामी मुंबईतील एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतीलच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली ई-मेल अमेरिका किंवा सिंगापूरला जाऊन परत येत असे.

यात दुहेरी नुकसान होते. पहिले परकीय चलनाचे. समुद्राखालील केबलवरील क्षमता तेव्हा अतिशय महाग होती. दुसरे वेळेचे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद लागतात. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतरच साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. प्रश्न अमेरिकेला जाऊन भारतात परतला आणि उत्तरानेही तोच वळसा घेतला, तर निव्वळ अंतरापायी किमान अडीचशे मिलिसेकंद खर्ची पडतात. केबलची प्रत्यक्ष लांबी आणि वाटेतील यंत्रे यांचा वेळ त्यात वेगळाच मिळवावा लागतो. मुंबई ते नंदुरबार या सुमारे चारशे किलोमीटरच्या अंतराला मात्र जाऊन येऊन चार मिलिसेकंद पुरेसे आहेत.

‘निक्सी’ची स्थापना

हा वळसा टाळण्यासाठी १९ जून २००३ रोजी ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ अर्थात ‘निक्सी’ या संस्थेची नोंदणी झाली. कंपनी कायदा १९५६ च्या कलम २५ खाली, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी म्हणून तिची रचना करण्यात आली. नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता ही पहिली चार केंद्रे होत. पुढे बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद यांची भर पडली. अलीकडच्या काही वर्षांत दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या शहरांत केंद्रे उघडण्याचे धोरण संस्थेने स्वीकारले असून केंद्रांची संख्या सत्तरच्या पुढे गेली आहे.

आरंभीच्या काळातील वाटचाल मात्र सुकर नव्हती. केंद्रे परस्परांना जोडलेली नव्हती. प्रत्येक सभासदाने त्या त्या केंद्रावर किमान आपले विभागीय मार्ग जाहीर करावेत, असा नियम होता; परंतु सर्वच मोठे सेवा पुरवठादार आपले सारे मार्ग खुले करण्यास उत्सुक नव्हते. ज्याच्याकडे ग्राहक अधिक, त्याला लहान प्रतिस्पर्ध्याशी बरोबरीच्या नात्याने देवाणघेवाण करण्यापेक्षा त्याला ट्रान्झिट विकणे फायद्याचे वाटते. दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ‘ट्राय’ला २००७ मध्ये ‘निक्सी’ची परिणामकारकता वाढविण्यासाठी स्वतंत्र शिफारशी कराव्या लागल्या, यातच सारे आले.

दुसरा तिढा हिशेबाचा होता. ‘जो मागवतो तो पैसे देतो’ या तत्त्वावर सभासदांत आकारणी होत असे. ज्याच्या जाळ्यात माहिती अधिक येते, त्याने पाठविणाऱ्याला फरकाचे पैसे द्यायचे. ज्यांच्याकडे विदा केंद्रे आहेत, ते पाठवणारे. ज्यांच्याकडे केवळ घरगुती ग्राहक आहेत, ते मागवणारे. म्हणजे लहान गावात घरोघरी जोडण्या देणारा पुरवठादार या हिशेबात नेहमी देणेकरीच ठरणार होता. पुढील काळात ही आकारणी काढून टाकण्यात आली आणि लहान पुरवठादारांच्या मार्गातील मोठा अडथळा दूर झाला.

असे प्रश्न एकट्या भारतालाच पडले असे नाही. केनियात २००० च्या नोव्हेंबरमध्ये नैरोबी येथे सेवा पुरवठादारांनी एकत्र येऊन एक्स्चेंज सुरू केले, तेव्हा तेथील सरकारी दूरसंचार कंपनीने आपल्या मक्तेदारीचा भंग झाल्याची तक्रार केली आणि अवघ्या काही दिवसांत ते बंद पडले. २००२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्यानंतर देशांतर्गत वाहतुकीला लागणारा वेळ शेकडो मिलिसेकंदांवरून दहाच्या आत आला. चौक कोठेही असो, त्याला विरोध तंत्रज्ञानाचा नसतो, हितसंबंधांचा असतो.

मुंबईचे महत्त्व

समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्यावर, विशेषतः वर्सोव्यात, जमिनीवर येतात. विदा केंद्रांची मोठी संख्याही मुंबई आणि नवी मुंबईतच आहे. साहजिकच एक्स्चेंजच्या व्यवसायात खासगी संस्थाही येथे उतरल्या. ‘मुंबई आयएक्स’ या नावाने सुरू झालेले एक्स्चेंज पुढे जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘डी-किक्स’ या संस्थेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘एक्स्ट्रीम आयएक्स’सारख्या अन्य संस्थाही या क्षेत्रात आहेत. ही एक्स्चेंज एकाच इमारतीत न राहता अनेक विदा केंद्रांत पसरलेली असतात. त्यामुळे सभासदाला आपल्याला सोयीच्या ठिकाणाहून जोडून घेता येते.

दरम्यान वाहतुकीचे स्वरूपही पालटले. सामान्य ग्राहक जे पाहतो, त्यातील बराच भाग चित्रफितींचा असतो. गूगल, मेटा, नेटफ्लिक्स यांसारख्या कंपन्या आपल्या आशयाच्या प्रती ग्राहकाच्या जवळ, कधी एक्स्चेंजवर तर कधी थेट सेवा पुरवठादाराच्या केंद्रात, साठवून ठेवतात. त्यामुळे एक्स्चेंज हे दोन सेवा पुरवठादारांच्या भेटीचे ठिकाण राहिले नसून ग्राहक आणि आशय यांच्या भेटीचे ठिकाण बनले आहे.

कायद्याच्या चौकटीतही हालचाल झाली. एक्स्चेंज चालविण्यासाठी इंटरनेट सेवा पुरवठादाराचाच परवाना लागावा की हलकीफुलकी वेगळी परवानगी असावी, हा वाद जुना होता. ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०२२ मध्ये विदा केंद्रे, आशय वितरण जाळी आणि एक्स्चेंज यांविषयी एकत्रित शिफारशी केल्या. दूरसंचार कायदा २०२३ आल्यानंतर फेब्रुवारी २०२५ मधील शिफारशींत एक्स्चेंजसाठी स्वतंत्र अधिकारपत्राची कल्पना पुढे आली.

नावे, क्रमांक आणि देवनागरी पत्ता

‘निक्सी’चे काम वाहतुकीपुरते मर्यादित नाही. ‘.इन’ या भारतीय नावांची नोंदवही तिच्याकडे आहे. २००५ मध्ये या नावांच्या नोंदणीचे धोरण खुले झाले आणि आज नोंदणीकृत नावांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हा पत्ता उपलब्ध झाला. मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी यांसह आठ भाषांसाठी तो एकाच वेळी खुला करण्यात आला. मराठी संस्थेला आपल्या संकेतस्थळाचा पत्ता संपूर्णपणे देवनागरीत देता येणे ही छोटी गोष्ट नव्हे. तथापि अनेक अर्ज आणि ई-मेल सेवा असे पत्ते आजही नीट स्वीकारत नाहीत. ही अडचण दूर व्हावी यासाठी मार्च २०२४ मध्ये ‘भाषानेट’ हा उपक्रम हाती घेण्यात आला.

बँक ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल २०२५ मधील आहे. बनावट संकेतस्थळांमुळे होणारी फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ‘.बँक.इन’ या राखीव पत्त्यावर जाण्याचा आदेश दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरवून दिली. हैदराबाद येथील ‘आयडीआरबीटी’ ही संस्था या नावांची नोंदणी करते. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या आदेशाच्या कक्षेत आहेत. बँकेचा दुवा उघडताना पत्त्याचा शेवट तपासण्याची सवय ग्राहकांनी लावून घेतलेली बरी.

जाळ्यांना लागणारे आयपी पत्ते आणि स्वायत्त जाळे क्रमांक देणारी ‘आयआरआयएनएन’ ही नोंदणी व्यवस्थाही २०१२ पासून ‘निक्सी’च्या अखत्यारीत आहे. त्याखेरीज नावांवरून पत्ता शोधून देणाऱ्या जागतिक ‘रूट सर्व्हर’च्या प्रती २००५ मध्येच मुंबई, चेन्नई आणि राजधानी परिसरात बसविण्यात आल्या. त्यामुळे साध्या नामशोधासाठी परदेशी जाण्याची गरज उरली नाही.

केबल तुटते तेव्हा

देशांतर्गत चौकाचे मोल संकटकाळी कळते. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन प्रमुख केबल तुटल्या आणि भारतासह पश्चिम आशियातील इंटरनेट मंदावले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्याने भारत आणि पाकिस्तानातील सेवेवर पुन्हा परिणाम झाला. अशा वेळी परदेशी संकेतस्थळे रेंगाळतात. पण ज्या सेवांचे सर्व्हर देशात आहेत आणि ज्यांची वाहतूक देशातल्या देशात बदलते, त्या चालू राहतात. पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला होता. त्याचा हाही एक लाभ म्हणावा लागेल.

धडगावची वाट

हे सारे खरे असले, तरी चौक कितीही रुंद झाला म्हणून गल्ली रुंद होत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव यांच्यासह त्याचा समावेश झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा आणि तळोदा हा भाग तुलनेने सपाट. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके मात्र सातपुड्याच्या रांगांत विखुरलेले. पाड्यांमध्ये अंतर मोठे, मधे दरी, आणि उत्तरेला नर्मदेचे पाणी.

मोबाइल मनोऱ्याची लहर सरळ रेषेत जाते. डोंगर आड आला की ती संपते. मनोरा उभारला तरी तो मागे कशाने जोडलेला आहे, यावर त्याची गती ठरते. काचतंतू नसेल तर सूक्ष्मलहरींवर भागवावे लागते आणि एका मनोऱ्यावर अनेक गावांचा भार पडतो. वीज गेली आणि बॅटरी उतरली की मनोराही मुका होतो. पावसाळ्यात दरड कोसळली किंवा रस्त्याच्या कामात खोदाई झाली की रस्त्याकडेची केबल तुटते आणि दुसरी वाट नसल्याने पलीकडचा सारा भाग एकदमच तुटतो. अशा ठिकाणी मुंबईच्या एक्स्चेंजवर वाचलेले दोनशे मिलिसेकंद कोणाच्या लक्षातही येत नाहीत. तेथे प्रश्न वेगाचा नसून जोडणी असण्या-नसण्याचा असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. राज्यात दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मान्यता दिली. त्यात एका रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणीवर भर आहे. वर्तुळात एका बाजूची केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. डोंगरी भागासाठी हा बदल कळीचा आहे. मात्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत तंतू येणे आणि सात पाड्यांच्या गावातील शेवटच्या पाड्यावर जोडणी मिळणे यांत अंतर राहतेच.

जेथे तंतू नेणे अवघड, तेथे उपग्रहाचा पर्याय पुढे आला आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने ‘स्टारलिंक’ या कंपनीशी इरादापत्रावर स्वाक्षरी केली. त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्यासोबत नंदुरबारचा नामोल्लेख आहे. शासकीय संस्था, ग्रामीण वस्त्या आणि अत्यावश्यक सुविधांना जोडणी देण्याचा हेतू त्यात नमूद आहे. सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या या उपग्रहांमुळे भूस्थिर उपग्रहांइतका विलंब लागत नाही. तथापि आकाशातील वाटही शेवटी जमिनीवरच उतरते. उपग्रहाने उचललेली माहिती देशातील भूकेंद्रावर आणि तेथून पुन्हा एक्स्चेंजवरच यावी लागते.

लहान पुरवठादाराला जोडून घ्यायचे असल्यास

तालुक्याच्या गावातील केबलचालक आज बहुधा मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ घेतो आणि किरकोळीने विकतो. स्वतः एक्स्चेंजचा सभासद व्हायचे तर त्याला चार गोष्टी लागतात. पहिली, दूरसंचार विभागाची परवानगी. दुसरी, ‘आयआरआयएनएन’कडून मिळणारा स्वायत्त जाळे क्रमांक आणि स्वतःचे आयपी पत्ते. तिसरी, बीजीपी चालविणारा राउटर आणि तो सांभाळणारा माणूस. चौथी आणि सर्वांत महाग, आपल्या गावापासून एक्स्चेंजच्या केंद्रापर्यंत भाड्याने घेतलेली तार.

शेवटच्या या तारेपायी बहुतेकांचे गणित बिघडते. एक्स्चेंजवरील पोर्टचे भाडे परवडले, तरी तेथवर पोहोचण्याचे भाडे परवडत नाही. म्हणूनच लहान शहरांत केंद्रे उघडण्याच्या धोरणाला अर्थ आहे. पण केवळ केंद्र उघडून भागत नाही. तेथे मोठे सेवा पुरवठादार आणि आशय पुरवणाऱ्या कंपन्या आल्या नाहीत, तर ते आवार रिकामेच राहते. व्यापारी न येणाऱ्या बाजारात शेतकरी माल घेऊन कशाला जाईल?

खानदेशच्या दृष्टीने व्यवहार्य मार्ग असा दिसतो की, धुळे, नंदुरबार आणि जळगाव येथील लहान पुरवठादारांनी एकत्र येऊन सामाईक तार घ्यावी आणि तिचे भाडे वाटून घ्यावे. शाळा, ग्रामीण रुग्णालये आणि रेशन दुकाने यांची जोडणी हा या तारेला मिळणारा खात्रीचा ग्राहक ठरू शकतो. ‘ई-संजीवनी’सारखी दूरवैद्यक सेवा किंवा ई-पॉस यंत्र यांना प्रचंड बँडविड्थ लागत नाही, त्यांना खंड न पडणारी जोडणी लागते.

टेंभलीतील कार्यक्रमानंतर दीड दशक लोटले. ओळख देण्याचे काम तेव्हा झाले; ती ओळख जेव्हा मागितली जाईल तेव्हा पटवून देणारी वाट बांधण्याचे काम अद्याप चालू आहे. चौक उभे राहिले, त्यांचे नियम सुधारले, हिशेबाचे तंटे मिटले. आता राहिलेली कसोटी घाटाच्या पलीकडची आहे.

आपली वाट आपण तपासा

आपल्या संगणकावर ‘ट्रेसर्ट’ किंवा ‘ट्रेसरूट’ ही आज्ञा देऊन पुढे एखाद्या भारतीय संकेतस्थळाचा पत्ता लिहिल्यास वाटेतील राउटरांची यादी मिलिसेकंदांसह दिसते. सर्व टप्पे काही दशक मिलिसेकंदांच्या आत असतील, तर वाहतूक देशातच फिरते आहे असे सर्वसाधारणपणे समजावे. मध्येच आकडा दीडशे-दोनशेच्या पुढे जाऊन शेवटपर्यंत तसाच राहिला, तर आपली विनंती परदेशवारी करत असण्याची शक्यता आहे. पहिल्याच एक-दोन टप्प्यांवर आकडा मोठा असेल, तर दोष चौकाचा नसून घराजवळच्या वाटेचा आहे.

महत्त्वाचे टप्पे

१९९५ : देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा
१९९८ : खासगी सेवा पुरवठादारांना मुभा, नंदुरबार जिल्ह्याची निर्मिती
२००३ : ‘निक्सी’ची स्थापना
२००५ : ‘.इन’ नावांची नोंदणी खुली. रूट सर्व्हरच्या प्रती भारतात
२००७ : एक्स्चेंजच्या सुधारणेसाठी ‘ट्राय’च्या शिफारशी
२०१० : टेंभली येथे पहिले ‘आधार’ क्रमांक
२०११ : ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या योजनेस मंजुरी
२०१२ : ‘आयआरआयएनएन’ची सुरुवात
२०१४ : देवनागरीत ‘.भारत’
२०२३ : दूरसंचार कायदा, सुधारित ‘भारतनेट’ला मान्यता
२०२५ : बँकांसाठी ‘.बँक.इन’, उपग्रह इंटरनेटसाठी राज्याचे इरादापत्र